नाडी ओवायची काडी

मास्तरांनी पायजम्याच्या नेफ्यात काडी सरकवली आणि ती बोटांनी चाचपत पुढे ढकलू लागले, तेवढ्यात धाकट्या भावाने कागद थेट शिलाई मशीनवर, कातरीच्या शेजारी ठेवला.

"दादा, इथे सही. पेन्सिलीने फुली मारून ठेवलीय बघ."

मास्तरांनी मान वर केली नाही. ओवणं अर्ध्यावर सोडलं की नाडी आत गुंडाळते, आणि मग सगळं उसवावं लागतं. निदान त्यांनी तसं दाखवलं तरी. काडी सावकाश अर्धा फेरा फिरली, शिवणीपाशी अडली, पुढे सरकली आणि दुसऱ्या तोंडातून चमकत बाहेर आली. बोटभर लांबीची पोलादी काडी, एका टोकाला निमुळती, दुसऱ्या टोकाला खाच. खाचेत नाडीची गाठ घट्ट बसायची. असली काडी बाजारात मिळत नाही, हे दुकानात येणारं गिऱ्हाईकसुद्धा सांगायचं.

"कसली सही?"

"हरकत नसल्याची. काकांच्या पिस्तुलासाठी. वारस आपण दोघंच. तू सही केल्याशिवाय माझा अर्ज पुढे सरकत नाही, आणि नव्वद दिवसांत निकाल लागला नाही तर सरकारजमा. मग भट्टी. काका जाऊन अठ्ठ्याहत्तर दिवस झालेत, दादा."

"विचार करतो."

"त्यात विचार कसला करायचा?"

"अठ्ठ्याहत्तर दिवस तू केलास ना? मला दोनचार तरी दे."

धाकटा गेला. जाताना कडक इस्त्रीच्या शर्टाला दोरे चिकटलेत का ते बघून गेला. मास्तरांनी कागद उचलून मापाच्या वहीखाली सरकवला, अगदी तळाशी.

काका टपालाच्या गाडीवर सशस्त्र रखवालदार होते. निवृत्त झाले तेव्हा खात्याने विशेष परवानगी काढून त्यांचं पिस्तूल त्यांनाच बक्षीस दिलं होतं. मूलबाळ नव्हतं, पण गोष्टी भरपूर होत्या. एका गोष्टीत टपाल लुटायला आलेला चोर पळाला, काकांनी मागून गोळी झाडली, चोर दिव्याच्या खांबाआड वळला, तर गोळीही त्याच्यामागे वळली आणि तिने त्याची नाडी तेवढी कापली. दोन्ही हातांनी पायजमा धरून चोर पळणार किती? चौथ्या वळणावर सापडला. दुसऱ्या खेपेला सांगताना ते सातवं वळण असायचं.

मास्तर लहानपणी ही गोष्ट तोंड उघडं टाकून ऐकत. संपली की हात पुढे करत, आणि काका दर वेळी एकच सांगत, "हात लावायचा नाही." बारा वर्षं हेच. मग मास्तरांना मिसरूड फुटलं, विसाव्या वर्षी त्यांनी दुकान घातलं, आणि त्याच साली काकांनी नऊ वर्षांच्या धाकट्याच्या हातात पिस्तूल दिलं. खुशाल! पोरगं ते घेऊन घरभर ठो ठो करत फिरायचं आणि काका आरामखुर्चीत बसून मरायचं नाटक करायचे. मास्तरांनी ते दारातून पाहिलं होतं. अजून ते दार आठवलं की त्यांची कातर खडूची रेघ सोडायची.

मृत्युपत्र तर त्यावर मीठच होतं. "पिस्तूल धाकट्यास. थोरल्यास जे द्यायचे ते मी त्याला केव्हाच दिलेले आहे."

"काय दिलं हो तुम्हाला?" वाचन झाल्यावर बायकोने विचारलं होतं.

"काडी," मास्तर म्हणाले होते. "नाडी ओवायची."

दुकान उघडलं त्या दिवशी काकांनी ती तेलकट फडक्यात गुंडाळून आणली होती. हरवू नकोस, कुणाला देऊ नकोस, म्हणाले होते. तेव्हा मास्तरांना भरून आलं होतं. आता हसू यायचं, तेही कडवट.

पंच्याऐंशीव्या दिवशी परवाना कचेरीतून दोघांनाही बोलावणं आलं. पोलिसांकडे जमा केलेलं पिस्तूल तपासायचं होतं, आणि दोन्ही वारस हजर हवेत. मास्तर सही न केलेला कागद घेऊन गेले. नाही म्हणायचंय तर सगळ्यांसमोर म्हणू, असं त्यांनी ठरवलं होतं. खिशात नेहमीप्रमाणे खडू, माप घ्यायची पट्टी आणि काडी.

बाकावर धाकटा पाय हलवत बसला होता.

"भिंतीवर मी जागा केलीय. काचेची पेटी. खाली दिवा. पोरांना गोष्ट सांगेन, वळणारी गोळी."

"तुला येते ती गोष्ट?"

"काकांनी मलाच तर शंभरदा सांगितलीय."

"मला हजारदा," मास्तर म्हणाले. मग स्वतःचाच राग येऊन भिंतीवरची सूचना वाचू लागले. ती थुंकण्याविषयी होती.

तपासनीस म्हातारा होता, जाड भिंगाच्या चष्म्याचा. त्याने पिस्तूल सोलल्यासारखं उघडलं. सुटे भाग फडक्यावर ओळीने मांडले. एका जागी बोट टेकून थांबला.

"फायरिंग पिन कुठाय?"

"म्हणजे?" धाकट्याने विचारलं.

"चाप ओढला की जी पुढे येऊन काडतुसाच्या बुडावर आपटते ती. तिच्यावाचून हे नुसतं लोखंड." त्याने खण उघडून दुसऱ्या कुठल्याशा पिस्तुलाचा एक तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला. "ही अशी."

बोटभर लांब, एका टोकाला निमुळती, दुसऱ्या टोकाला खाच.

मास्तरांचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला, छातीत कळ आल्यासारखा.

"दर तीन वर्षांनी नूतनीकरण झालंय," धाकटा कागद चाळत म्हणाला. "कुणी काही बोललं नाही."

"नूतनीकरणाला वरचा नंबर बघतात. पोटात कोण शिरतंय? आत गंज बघा. वीस-पंचवीस वर्षं तरी पिन नाहीये ह्याच्यात." म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर सरकवला. "आता नीट ऐका. पिन असेल तर हे चालू हत्यार, आणि या जातीचं हत्यार खाजगी माणसाला वारसाने मिळत नाही. तुमच्या काकांची परवानगी त्यांच्यापुरती होती. म्हणजे भट्टी. पिन नसेल तर मी नळी बुजवतो, निकामी म्हणून शिक्का मारतो, मग खुशाल भिंतीवर लावा. पण दोघांनीही लिहून द्यायचं, की हत्याराचा कुठलाही भाग आमच्याकडे नाही."

"आणि नुसती पिन कुणाकडे सापडली तर?" मास्तरांनी विचारलं.

"बिनपरवान्याचा भाग. कोर्टकचेरी. का?"

"काही नाही. सहज."

धाकट्याने लगेच सही केली. पण पेन खाली ठेवलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"पंचवीस वर्षं म्हणजे... मी लहान असतानासुद्धा?" तो म्हणाला. "मला वाटायचं काकांचा माझ्यावर विश्वास होता. म्हणून देत होते हातात. हे तर खेळणंच दिलं त्यांनी मला."

मास्तरांनी फडक्यावरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. दुकान घातलं ते साल. धाकट्याला पिस्तूल मिळालं तेही तेच साल. तेलकट फडकं. एवढी वर्षं दोन्ही गोष्टी त्यांच्या डोक्यात दोन वेगळ्या खुंट्यांवर टांगलेल्या होत्या.

खिशातली काडी टेबलावर ठेवायची, बस्स. एक शब्द बोलायची गरज नव्हती. पिस्तूल भट्टीत, काचेची पेटी रिकामी, खालचा दिवा कशावर पडणार? सत्तावीस वर्षांची आग एका झटक्यात विझली असती. पण काडीही गेली असती. मग दोघांकडेही काही नाही, म्हणजे दोघं सारखेच. सारखं होणं मास्तरांना मुळीच परवडणारं नव्हतं, आणि आता तर नाहीच नाही.

"खेळणं कसलं?" ते म्हणाले. "तू लहान असताना उडायचं ते. मागच्या अंगणात काकांनी एकदा बार काढला होता. मी होतो ना तिथे! गोळी भिंतीला लागली, तिथून हौदाला, हौदावरून परत आली आणि काकांच्या पायाशी येऊन बसली."

तपासनीसाने चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला.

"परत आली?" धाकटा म्हणाला.

"गरम होती अजून. मी उचलून पाहिली. पिन नंतर कधीतरी पडली असेल. तपासनीसांचं काय, ते आत्ता बघतायत."

धाकटा हळूच हसला. अगदी नऊ वर्षांचा असल्यासारखा. ते हसू बघून मास्तरांना पुन्हा तेच जुनं टोचलं, बरोबर त्याच जागी. त्यांनी पेन उचललं आणि दोन्ही कागदांवर सही केली. हरकत नाही, त्यावर एक. कुठलाही भाग नाही, त्यावर एक. दुसरी सही थोडी वाकडी आली.

आठवड्याने धाकटा पिस्तूल कापडात गुंडाळून दुकानात घेऊन आला. पेटी अजून सुताराकडेच होती. तोवर धूळ बसू नये म्हणून त्याला मखमली पिशवी हवी होती, तोंडाला नाडी असलेली.

मास्तरांनी माप घेतलं. मापासाठी पिस्तूल हातात घ्यावं लागलं, आयुष्यात पहिल्यांदा. वाटलं होतं त्यापेक्षा हलकं निघालं. नळी बुजवलेली, कडेला शिक्का. त्यांनी ते लगेच परत दिलं, मखमल बेतली, शिवली, तोंडाला नेफा घातला आणि खाचेत नाडी बांधून काडी आत सरकवली.

धाकटा स्टुलावर बसून बघत होता.

"खरं सांगू का दादा? मला तुझा हेवा वाटतो."

"माझा?"

"मी हे रोज पुसतो आणि ठेवतो. पुसतो आणि ठेवतो. तुला काकांनी दिलेली वस्तू रोज उपयोगी पडते. किती पायजमे झाले असतील हिच्यावर!"

मखमल जाड होती. काडी शिवणीपाशी अडली, त्यांनी अंगठ्याने रेटली, आणि ती दुसऱ्या तोंडातून बाहेर आली. नाडी ओढून घेऊन त्यांनी काडी सोडवली आणि टेबलावर, पिस्तुलापासून वीतभर लांब ठेवली.

"कसलं पोलाद आहे रे हे," धाकटा वाकून म्हणाला. "खाचसुद्धा किती नेमकी. बघू."

त्याने हात पुढे केला.

"हात लावायचा नाही," मास्तर म्हणाले.

धाकट्याचा हात हवेतच थांबला. त्याने चमकून वर पाहिलं. मास्तरांनी काडी उचलून खिशात टाकली, पिशवी त्याच्याकडे सरकवली, आणि नाडीच्या दोन्ही टोकांना गाठी मारायला त्यालाच सांगितलं.