वैद्यांच्या घरची आसवाची बरणी

मित्रांनो, मी एक जुनी चिनीमातीची बरणी आहे. गळ्याशी तपकिरी आणि खाली दुधावरच्या सायीच्या रंगाची. आता माझ्यात ओलं काही भरत नाहीत. कधी चिंच, कधी सुकी फुलं, कधी नुसतीच रिकामी असते. पण एके काळी भूम तालुक्यातल्या ईट गावात माझ्या पोटातल्या आसवासाठी लोक दोन-दोन कोस चालत यायचे. हातात बाटली आणि बाटलीला चिंधीचं बूच. त्याच दिवसांची हकीकत तुम्हांला सांगते.

माझा जन्म मला धड आठवत नाही. भट्टीची उष्णता तेवढी आठवते. त्यानंतर बार्शीच्या बाजारात गवतात गुंडाळून ठेवलेली मी, आणि माझ्या शेजारी माझी जोडीण. आम्ही दोघी एकाच भट्टीतल्या, एकाच मापाच्या. निजामाचं राज्य जाऊन तेव्हा सहा-सात वर्षं झाली असतील. गोपाळकृष्ण वैद्य बाजाराला आले होते. त्यांनी आम्हांला बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाले, "या दोघी खोटं बोलायच्या नाहीत. बांध."

बैलगाडीतून आम्ही ईटला आलो आणि कामाला लागलो.

आसव म्हणजे काय, हे तुमच्यातल्या काही जणांना ठाऊक नसेल. फळांचा रस गुळाबरोबर मुरवून, आंबवून वैद्य जे औषध करतात ते आसव. ज्याचं अन्न पचत नाही, ज्याच्या अंगात तापानंतर जीव राहिलेला नाही, त्याला ते दोन चमचे पाण्यातून द्यायचं. आमच्या घरी ते जांभळाचं व्हायचं. ओढ्याकाठची जांभळं धुळाप्पा आणायचा. धुळाप्पा हा वैद्यांच्या शेतावरचा जुना गडी. पन्नाशीचा होता, पण झाडावर माकडासारखा चढायचा. हिवाळ्यात तोच माळावरची बोरं आणायचा, तेव्हा बोरांचं आसव. परसातली डाळिंबं पिकली की त्यांचाही रस.

आसव घालायचं म्हणजे आमचा सण असायचा. आधी आम्हांला धुऊन उन्हात ठेवायचे. मग आतून धुपाची धुरी. मग वैद्यांची सून वनमाला बोटांवर तूप घेऊन माझ्या पोटाला आतून हळूहळू लावायची. बाळाला तेल लावावं तसा तिचा हात फिरायचा. तिच्या कडेवर वर्षाचं पोर असायचंच, त्यामुळे हाताला ती सवयच झाली होती. मग गाळलेला रस, चांगला पिवळा गूळ, सुंठ, वेलदोडे, आणि शेवटी डोंगराकडून आणलेली धायटीची लाल फुलं. ती फुलं पडल्याशिवाय रस आंबत नाही. पाव भाग मात्र रिकामा ठेवायचा. वैद्य म्हणायचे, "तिला श्वास घ्यायला जागा पाहिजे."

पहिले दोन दिवस रस गप्प असतो. तिसऱ्या दिवशी माझ्या तळाशी गुदगुल्या सुरू होतात. मग आत सूं सूं आवाज. गर्दीत बायका हळू बोलतात ना, तसा. तोपर्यंत तोंडावर नुसतं फडकं बांधलेलं असतं. रोज सकाळी वैद्य आंघोळ करून येत, आमच्या पोटाला कान लावत आणि बसत. दहा-बारा दिवसांनी आतला आवाज थांबला, की म्हणत, "झाल्या गप्प." मग झाकण घालून त्याभोवती कापड आणि चिकणमातीचा लेप द्यायचा आणि महिनाभर ज्वारीच्या कणगीत, म्हणजे धान्य साठवायच्या उंच टोपलीत, पुरून ठेवायचं. आवाज थांबण्याआधी तोंड बांधलं, तर आतला वारा जाणार कुठं? बरणी फुटते. म्हणून सगळी मदार कानावर. वैद्यांचा कान पंचक्रोशीत नावाजलेला होता. दुसरे वैद्य आपलं आसव घेऊन त्यांच्याकडे विचारायला यायचे.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याला तीनएक वर्षं झाली होती. त्या साली जांभूळ उदंड आलं. आम्ही दोघी भरलो. पाचव्या सकाळी वैद्यांनी जोडीणीला कान लावला, मला कान लावला, आणि उठून म्हणाले, "झाल्या गप्प. माती कालव रे धुळाप्पा."

मी थक्कच झाले. माझ्या पोटात तर नुसता बाजार भरला होता.

वनमाला दारात उभी होती. तिला तो आवाज तिथपर्यंत येत होता. ती म्हणाली, "मामंजी, यंदा पाचव्याच दिवशी?"

"यंदा गूळ चांगला आहे," वैद्य म्हणाले. तिच्या ओठांकडे बघून त्यांनी अंदाजानं उत्तर दिलं होतं, हे तिनं ओळखलं. धुळाप्पानं मातीतून मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग तो पुन्हा माती कालवू लागला. वैद्यांना ऐकू येत नाही, हे ज्यांना ठाऊक होतं ते सगळे असेच गप्प होते. इतक्या मोठ्या माणसाला हे सांगायचं कोणी?

आमची तोंडं बांधली. एका कणगीत जोडीण गेली, दुसऱ्या कणगीत मी.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी जोडीण फुटली. शेजारच्या कणगीतून मी तो आवाज ऐकला. एवढी ज्वारी जांभळी झाली, कणगीच्या फटींतून आसव जमिनीवर आलं, घरभर वास सुटला. तो आवाज मात्र वैद्यांनाही ऐकू आला. ते धावत आले. खापरं पाहून त्यांचा चेहरा उतरला, आणि मग रागानं लाल झाला.

"धुळाप्पा, कणगीत उतरवताना धक्का लावलास तू."

धुळाप्पा खाली बघत राहिला. "आसंल मालक."

"वीस वर्षं झाली तुला या घरात. एवढी अक्कल नाही? उद्यापासून येऊ नकोस."

धुळाप्पानं खुंटीवरचं घोंगडं घेतलं, खांद्यावर टाकलं आणि गेला. वनमालाच्या ओठांवर शब्द आले होते. ते तिथंच राहिले.

वास गल्लीत पोचायला वेळ लागला नाही. शेजारच्या उमाबाई पदर नाकाला लावून आल्या. "काय गं वनमाला, सरकारनं दारू बंद केली, आन् तुमच्या ज्वारीलाच चढली का काय?"

"आसव आहे ते काकू."

"ते तुला ठावं, मला ठावं. वासाला कुठं ठावं असतंय?"

वनमालाला हसू आलं नाही. त्या दिवशी शनिवार होता. तिचे यजमान बाबूराव भूमला शाळेत शिक्षक होते. ते संध्याकाळी आले. तिनं त्यांना सगळं सांगितलं. म्हणाली, "तुम्ही बोला तुमच्या अण्णांशी."

"मी?" बाबूराव म्हणाले. "साठ पोरांच्या वर्गात माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. अण्णांपुढं तो घशाच्या वर येत नाही. तूच बघ काहीतरी."

"वा," वनमाला म्हणाली. "मुलगा तुम्ही, आणि बघायचं मी."

मित्रांनो, इकडे माझी काय अवस्था होती म्हणून सांगू. आतला वारा मला चारी बाजूंनी रेटत होता. मी अंग आवळून बसले होते. जोडीण गेली, आता माझा दिवस आज की उद्या, एवढंच उरलं होतं.

रविवारी दुपारी वनमाला एकटी आली. कडेवर पोर होतं. तिनं कणगीतली ज्वारी बाजूला सारली आणि माझ्या गळ्याला हात लावला. मी तापलेली होते. तिनं नखानं मातीचा लेप थोडा खरवडला. मला वाटलं, सुटले. आता एवढी गाठ सैल केली की झालं. कोणाला कळणारही नाही.

पण तिनं हात मागं घेतला. कडेवरच्या पोराला म्हणाली, "आज गुपचूप सोडली, तर बरणी वाचेल रे. पण धुळाप्पा मामा चोरासारखा घरी बसेल. आणि पुढच्या साली पुन्हा हेच."

ती उठून आत गेली. ती गेली आणि माझ्या पोटात बारीक 'टिक्' झालं. एक चीर पडली, केसाएवढी.

ती वैद्यांना घेऊन आली. ते म्हणाले, "काय आहे? का उकरलीस ही?" तिनं ओरडून उत्तर दिलं नाही. पोराला खाली बसवलं, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि सासऱ्यांचा उजवा हात आपल्या हातात धरला. सुनेनं सासऱ्याचा हात धरायची रीत त्या घरात नव्हती. वैद्य चमकले, पण त्यांनी हात सोडवून घेतला नाही. तिनं त्यांची तीन बोटं माझ्या गळ्याशी, झाकणाभोवती फुगून आलेल्या कापडावर ठेवली. मग त्यांच्या समोर येऊन, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "मामंजी, हिची नाडी बघा."

वैद्यांनी डोळे मिटले. हजारो मनगटांवर ठेवलेली ती बोटं माझ्यावर अलगद स्थिर झाली. मी आतून जे जे सांगत होते, ते सगळं त्यांना त्या बोटांतून कळत गेलं. खूप वेळ ते तसेच होते.

"चालू आहे," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "जोरात चालू आहे."

वनमालानं होकारार्थी मान हलवली.

"तुला आवाज येतो?"

तिनं पुन्हा मान हलवली.

वैद्यांनी डोळे उघडले. "मला कधीपासून येत नाही?"

"संक्रांतीपासून," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "बाळ रडलं, तरी तुम्ही पोथीतून मान वर करत नव्हता."

वैद्यांनी जमिनीवर खेळणाऱ्या नातवाकडे पाहिलं. तो तोंडानं काहीतरी बडबडत होता. त्या हलणाऱ्या ओठांकडे ते बघत राहिले. मग वळून त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या तोंडावरची माती फोडली, गाठ सोडली आणि झाकण हळूच कलतं केलं. मी सोडलेला तो श्वास अजून माझ्या लक्षात आहे. जांभळा फेस उसळून त्यांच्या पांढऱ्या धोतरावर आला. त्यांनी तो झटकला नाही.

त्याच धोतरानिशी ते धुळाप्पाच्या घरी गेले. तिथं काय झालं ते मी पाहिलं नाही. पण तासाभरानं ते त्याला घेऊन कणगीपाशी आले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं मोठ्या आवाजात म्हणाले, "धुळाप्पा, ती बरणी तुझ्या हातानं फुटली नाही. माझ्या कानांनी फुटली." भिंतीपलीकडे उमाबाईंनी सुद्धा ते ऐकलं असणार, कारण तिकडची भांडी घासायची थांबली.

धुळाप्पा पुटपुटला, "मला ठावं व्हतं मालक."

वैद्यांनी सुनेकडे पाहिलं. ती जवळ आली आणि धुळाप्पाचे शब्द तिनं त्यांना सावकाश सांगितले.

"मग बोलला का नाहीस?"

"तुमच्याम्होरं म्या काय बोलू? तुमचा मान व्हता."

"मान," वैद्य म्हणाले. त्यांनी धोतरावरच्या जांभळ्या डागावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "त्या मानापायी एक बरणी गेली, एक पोतं ज्वारी गेली, आणि तुझ्यासारखा माणूस जात होता. आता यापुढं आसव ऐकायचं काम वनमालाचं. ती सांगेल तेव्हा तोंड बांधायचं. मी म्हणालो तरी आधी नाही."

वनमालानं खाली वाकून माझ्या पोटाला कान लावला.

माझ्यातलं ते आसव आणखी तीन-चार दिवस बोलत होतं. ते गप्प झाल्यावर तिनं ते दुसऱ्या बरणीत काढलं. चिरेमुळं मला कामावरून उतरवलं. याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण त्यानंतर त्या घरची एकही बरणी फुटली नाही.

मित्रांनो, बरणीचं तोंड बांधण्याआधी आत काय चाललंय ते ऐका. आणि तुमच्या घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला ऐकू येईनासं झालं असेल, तर लांबून ओरडू नका. आदर म्हणून गप्पही बसू नका. गप्प बसलेल्या घरात ते माणूस एकटं पडतं आणि त्याच्या हातून चुका होतात. जवळ जा. त्याचा हात हातात घ्या. आणि समोर बसून, सावकाश, सांगा.