ताईसारखं बोला

"ताई, फोन इथंच राहू द्या न," प्रतीक्षा म्हणाली. "समद्या बोर्डावर हाच नंबर हाये. लोकं यावरच फोन करतात."

बाबांचा फोन मी पर्समध्ये टाकला होता. चार्जरही गुंडाळून घेतला होता. अकोल्यात, कौलखेडच्या या एका खोलीच्या ऑफिसातून बाबांनी अठ्ठावीस वर्षं लोकांना प्लॉट दाखवले. तेरवी होऊन तीन दिवस झाले होते. मला त्यांचं एवढंच न्यायचं होतं.

"बाबांचा आहे," मी म्हटलं. "माझ्याकडे राहील."

प्रतीक्षा चोवीस वर्षांची. दोन वर्षांपूर्वी काम शिकायला आली. कोणत्या लेआउटमध्ये पाणी साचतं, काळ्या मातीत पाया किती खोल न्यावा लागतो, हे बाबांनी तिला शिकवलं. फोन तिने त्यांना शिकवला. लोकेशन, व्हिडिओ, ऑनलाइन सातबारा. बरोबरीचे दलाल एकेक करून घरी बसले. बाबा मात्र सत्तराव्या वर्षी रोज सकाळी ग्रुपवर जाहिरात टाकत होते.

"टायपिंग कसं जमायचं त्यांना?" मी विचारलं. "बोटं तर थरथरायची."

"टायपिंग कायचं? बोलूनच लिवत." ती हसली. "पयले लय मज्जा होये. काकाजी म्हनत, 'सडकेले लागून प्लॉट', आन् फोन लिवे, 'सडलेले लावून प्लॉट'. तसंच गेलं एकदा ग्रुपवर. बार्शीटाकळीचे अय्युबभाई म्हने, पुंजाजीभाऊ, ताजा नाई काय एखांदा?"

मी हसले. सोळा दिवसांत पहिल्यांदा, आणि तेही तिच्यामुळे, म्हणून लगेच थांबले.

"मंग मी म्हनलं, काकाजी, फोनले आपली बोली समजत नाई. ताईसारकं बोला. त असे बसले पाहा." तिने मान ताठ केली, नसलेला चष्मा वर सरकवला. "'रस्त्याला लागून असलेला, पूर्वाभिमुख प्लॉट उपलब्ध आहे.' एक अक्षर चुकलं नाई! तवापासून रोज म्हनत, थांब पोरी, मले प्रोफेसरीन होऊ दे."

मी अमरावतीच्या कॉलेजात मराठी शिकवते. माझं बोलणं बाबांनी इतकं नीट ऐकलं होतं, आणि ते मला हिच्या तोंडून ऐकावं लागत होतं.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीत त्यांनी मला विचारलं होतं, "लोकेशन कसं पाठोतात, दाखव न मले." मी पेपर तपासत होते. "द्या, मीच पाठवते," म्हणून फोन हातातून घेतला. अर्ध्या मिनिटात पाठवून दिलं. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

"तुला एकच गोष्ट किती वेळा विचारायचे?"

"धा-धा येळा," प्रतीक्षा म्हणाली. "मी बी इचारोच न त्यायले."

त्या मुलीचा मला हेवा वाटला. फोन तेव्हाही तिला परत देता आला असता. "नंबर दुसरा घे," असं म्हणून मी उठले.

तिने एकदा पर्सकडे पाहिलं. मग स्कूटीची चावी घेतली. "ऊन हाये ताई. सोडतो तुमाले स्टँडवर."

एसटी मूर्तिजापूरच्या पुढे गेली तेव्हा पर्समध्ये फोन वाजला.

"पुंजाजीभाऊ हायेत काय? तो कोपऱ्याचा प्लॉट दाखोला होता मले. पान्याची लाइन आली काय तिथं?"

मला माहीत नव्हतं. कोणता कोपरा, तेही माहीत नव्हतं.

"बाबा वारले," मी म्हटलं.

"अरे बाप्पा," पलीकडचा आवाज एकदम खाली आला. "मंग आता इचारू कोनाले?"

"ऑफिसात जाऊन प्रतीक्षाला विचारा. तिला त्यांनी सगळं सांगितलंय."

रस्ता खराब होता, खिडक्यांच्या काचा खडखडत होत्या. त्याला ऐकू गेलं नाही. ते मला पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं.