शेवटी सत्तेचाळीस

दुपारी सव्वा वाजता थळच्या मच्छीमार संघाच्या ऑफिसात वायरलेसवर तुटक आवाज आला. "इंजिन बंद... पाणी शिरतंय... नंबर... शेवटी सत्तेचाळीस..." पुढे नुसती खरखर.

संघाच्या सेक्रेटरी केसरमावशी उठून उभ्याच राहिल्या. "रुचिता, बोट कुठली ती बघ गो!"

बोटींच्या नोंदींचं काम रुचिताकडे होतं. नेट सारखं जातं म्हणून तिने सात बंदरांवर सात कॉम्प्युटर ठेवले होते. प्रत्येकावर त्या त्या बंदराच्या बोटी. पण शोधायला पूर्ण नंबर लागायचा. अर्धवट नंबर असला तर सगळीकडच्या नोंदी थळला ओढून आणाव्या लागत. त्यात तास जाई. म्हणून गेले तीन आठवडे ती नवा फिल्टर लिहीत होती. ठाऊक नसलेल्या आकड्याच्या जागी प्रश्नचिन्ह टाकायचं, तेवढाच साचा सातही ठिकाणी धाडायचा. प्रत्येक कॉम्प्युटरने आपल्या नोंदी तिथंच चाळून जुळतील त्या परत पाठवायच्या. चाचणी अजून पुरी व्हायची होती.

बोटींचे नंबर चार आकडी होते. तिने दोन प्रश्नचिन्हं आणि पुढे सत्तेचाळीस टाकले. चार सेकंदांत दोन बोटी समोर आल्या.

मावशींनी खिडकीतून पाहिलं. "या दोन्ही तर इथंच जेटीला हायत."

रुचिताने सातही बंदरांची यादी पुन्हा पाहिली. मग तिच्या ध्यानात आलं, भरडखोल बंदराहून चाचणीतही कधी काही आलं नव्हतं. तेव्हा तिने नेटला दोष दिला होता. आज तर नेट चालू होतं. तिने तिथली एक नोंद उघडली. तिथले कारकून गुणाजी आकडे मराठीत लिहीत होते आणि तिचा फिल्टर फक्त इंग्रजी आकडे ओळखत होता.

"दोन मिनिटं द्या, मावशी."

दोन्ही लिपींतले आकडे सारखेच धरायचे, एवढंच तिने लिहिलं. दोनदा टायपिंग चुकलं. पुन्हा शोध घेतला.

तिसरी बोट समोर आली, भरडखोलची. मालक दादू, माणसं पाच. पहाटे निघताना कुठे जाणार त्याची नोंद होती: दिवेआगरसमोर, बारा वाव खोल पाण्यात.

मावशींनी फोन लावला. "गुणाजी, दादूची बोट बुडतेय. जवळ कोण हाय त्याला धाडा!"

भरडखोलच्या दोन बोटी निघाल्या.  आणलेला चहा तसाच निवला. पावणेचारला गुणाजींचा फोन आला.

"पाचही जण सुखरूप हातात आलं! बोटही ओढून आणतायत."

मावशी खुर्चीत बसल्या आणि पदराने डोळे पुसत राहिल्या.  रुचिताला एकदम हसू आलं.

"आता खलाशांच्या नावांचं बघ," थोड्या वेळाने मावशी म्हणाल्या. "एकच माणूस तीन बंदरांवर तीन तऱ्हांनी लिवलाय. तोही सापडला पायजे."

"सापडेल," रुचिता म्हणाली आणि तिने खुर्ची पुढे ओढली.