आवाजाला ऊब

स्क्रूला गंज चढला होता – आणि तोही चित्रातला. आवाजाला जुन्या टेपचा पोत देणाऱ्या या सॉफ्टवेअरसाठी संगणकाच्या पडद्यावर टेप-यंत्राचं रूप रेखाटणाऱ्याने कोपऱ्यातले स्क्रूसुद्धा सोडले नव्हते, याचं तिला हसू आलं. गंजाने का आवाज ऊबदार होतो... पण सासूबाईंचा आवाज तिला आज ऊबदार करायचाच होता, संध्याकाळच्या आत, नाहीतर त्या तो पुसायलाच लावणार होत्या.

बावीस वर्षांनी गायल्या होत्या त्या, काल, याच खोलीत, तिच्या आग्रहाने. मग ध्वनिमुद्रण ऐकलं, हेडफोन काढले आणि म्हणाल्या, "ही कोण म्हातारी गातेय गं? पुसून टाक."

माइकचं काहीच चुकलं नव्हतं – प्रत्येक श्वास, प्रत्येक टोकदार 'स', सगळं भिंगाखाली धरल्यासारखं. त्यांच्या तरुणपणच्या टेपवर मात्र हाच आवाज कसा मऊ, ऊबदार... ती टेप तिने लग्नाआधी ऐकली होती, आणि खरं सांगायचं तर नवऱ्याच्या आधी सासूच पसंत पडली होती.

तिने वरच्या पट्टीतली धार उतरवली. आवाज चढला की टेप त्याला हलकेच दाबून घ्यायची, तसं केलं. टेपचा वेग किंचित डळमळायचा, तेही घातलं – जरा जास्तच. सगळं गाणं झिंगल्यासारखं चालू लागलं आणि ती एकटीच खदखदून हसली. कमी केलं. आणखी कमी. हे मी त्यांच्यासाठी करतेय, की मला माझी ती टेप परत हवीय...

चार वाजता सासूबाई आल्या, दातांच्या डॉक्टरकडे बसावं तशा पर्स मांडीवर घेऊन बसल्या. ऐकता ऐकता कपाळावरची आठी गेली.

"हं. ही मी. कधीची गं?"

"कालचीच, आई."

"लबाड!" त्या हसल्या, मग म्हणाल्या, "आता ते कालचं उघडंवाघडं लाव बघू."

तिने धास्तावत लावलं. या वेळी त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"दुसऱ्या अंतऱ्यात श्वास चोरलाय मी. परत गाते."

"आणि पुसायचं होतं ते?"

"घाई काय आहे?"

दोन्हींतलं कोणतं ठेवायचं, हे विचारायला हवं होतं. तिने त्याऐवजी माइक त्यांच्यापुढे सरकवला. सासूबाईंनी घसा साफ केला, डोळे मिटले... दिवसभर दोष हुडकून शिणलेले तिचे कान आता नुसते वाट बघत होते – आणि त्या वाट बघण्यातच तिला भलती मजा येत होती.