ट्रायलची पोरगी

लग्नसराईत यवतमाळच्या त्या साड्यांच्या दुकानात दर आठ-दहा दिवसांनी नवी पोरगी यायची. शेठजी गोड बोलून सांगायचे, "आधी आठ दिवस ट्रायल, मग पगाराचं पाहू." ट्रायल म्हणजे काय, तर गिऱ्हाइकांनी उलगडून टाकलेल्या साड्यांच्या दिवसभर घड्या घालायच्या, तेही फुकटात. आठव्या दिवशी शेठजी जुन्या बेबीताईला त्या पोरीसमोरच विचारत, "काय बेबीताई, जमते का हिले?" आणि बेबीताई ठरलेलं वाक्य म्हणायची, "हात जड आहे जी हिचा." पोरगी रडवेली होऊन निघून जायची. दोन दिवसांत दुसरी हजर! शेठजी नामानिराळे, आणि पाप बेबीताईच्या माथ्यावर.

बेबीताईला हे कळत नव्हतं थोडंच! अकरा वर्षांपूर्वी ती स्वतः अशीच ट्रायलवर आली होती. तेव्हा रुपीबाई दुकानात सगळ्यांत जुनी. शेठजींनी विचारलं तेव्हा ती सरळ बोलून गेली, "चांगली आहे. ठेवा तिले." बेबीताईला ठेवलं, आणि महिनाभरात रुपीबाई यायची बंद झाली. नवी कमी पगारात मिळाल्यावर जुनी कोणाला हवी? तेव्हाच बेबीताईने खूणगाठ बांधली, की नव्या पोरीला कधी चांगलं म्हणायचं नाही. घरी अंथरुणाला खिळलेली सासू होती, मुलाचं आयटीआय होतं, आणि सारं तिच्या एकटीच्या पगारावर.

या खेपेची दिपाली बोरी अरबहून एसटीने यायची. बीए झालेली, पण कामाला लाजणारी नव्हती. साडीचा काठ हनुवटीखाली धरून अशी घडी घालायची की पदर बरोब्बर वर यायचा. हे बेबीताईलाही कधी सुचलं नव्हतं. चौथ्या दिवशी तिने डब्यातली अर्धी भाकर बेबीताईपुढे केली.

"काकू, मले ठेवतीन ना जी? तिसरी ट्रायल आहे माही. सारे म्हणतात, फोन करतो. फोन काही येत नाही."

बेबीताईने ती भाकर तशीच तिच्या डब्यात परत ठेवली.

आठव्या दिवशी संध्याकाळी शेठजींनी हाक मारली. "काय बेबीताई, जमते का हिले?"

वाक्य जिभेवर तयारच होतं. पण दिपाली समोर हात बांधून उभी होती, आणि जरीने तिच्या बोटांची टोकं सोलून निघाली होती. बेबीताईला स्वतःची किळस आली.

"चांगली आहे," ती म्हणाली. "ठेवा तिले."

शेठजींनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "विचार करून सांगून राह्यल्या ना?"

"हो जी."

"बरं. उद्यापासून पगार चालू हिचा."

एसटी स्टँडवर दिपाली भर गर्दीतच तिच्या पाया पडली. "काकू, आता रोज सोबत!" दिपालीच्या गावावरून जाणारी दारव्ह्याची गाडी लागली होती. बेबीताईने तिला दंडाला धरून थांबवलं.

"एक ध्यानात ठेव पोरी. महिन्याभरात मी दुकानात यायची बंद झाली, त काहून झाली ते शेठजीले सगळ्याईसमोर विचारजो. रुपीबाई गेली तवा मी विचारलं नव्हतं."