उजव्या हाताच्या दोन बाह्या

"हा कोणाचा, अत्ते?" हर्षितानं ट्रंकेतला गुलाबी ब्लाउज दोन बोटांच्या चिमटीत धरून वर उचलला.

"सरस्वतीपुरम्‌च्या मास्तरणीचा," टाचलेली चिठ्ठी न बघताच तिच्या सासूबाई, जमुनाबाई, म्हणाल्या. "डावा खांदा स्वल्प खाली होता बघ तिचा."

"आणि हा?"

"तो पोस्टातल्या बाईचा. बदली झाली तिची."

हर्षितानं कपाळावर हात मारला. ही सून कामाची होती आणि तोंडाचीही. घर आवरायचे व्हिडिओ बघून बघून तिनं स्वयंपाकघर आणि पुढची खोली लख्ख केली होती आणि आता मोर्चा सासूच्या खोलीकडे वळवला होता. घर मोकळं झालं की मन मोकळं होतं, असं त्या व्हिडिओतली बाई दर पाच मिनिटांनी सांगत असे. त्या बाईच्या हुकुमावरून जमिनीवर तीन ढीग मांडले होते: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं.

"हे सगळं देऊन टाकू, अत्ते. सुम्ने, उगीच जागा अडवून बसलंय."

"देऊन टाकू? माझं आहे का ते द्यायला?" जमुनाबाई ताडकन म्हणाल्या. "चौथा ढीग कर. परत करायचं."

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात जमुनाबाईंनी सदतीस वर्षं ब्लाउज शिवले होते. गुडघ्यांनी हात टेकले, दुकान बंद झालं आणि त्या विजयनगरला मुलाच्या घरी आल्या. सोबत आलं ते शिलाई मशीन आणि दोन लोखंडी ट्रंका. ट्रंकांत होते शिवायला टाकून कधीच न नेलेले ब्लाउज, एकूण एक्केचाळीस. प्रत्येकाला टाचणीनं चिठ्ठी लावलेली. ट्रंका खिडकीखाली बसल्या आणि मशीन चादर पांघरून दाराआड गेलं. "आई, एक तर ट्रंका, नाही तर मशीन," असं मुलानं, रविकिरणनं, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. लोकांच्या वस्तू टाकवेनात म्हणून स्वतःचं मशीन आड गेलं.

तेही त्यांनी सोसलं असतं. पण दर वर्षी दसऱ्याआधी आयुधपूजा यायची. रविकिरण गाडी धुवायचा, स्कूटरला हार घालायचा, मिक्सरलासुद्धा कुंकू लावायचा. ज्या मशीननं त्याला इंजिनिअर केलं, त्याच्या वाट्याला चादरीवरून टाकलेलं एक झेंडूचं फूल. जमुनाबाईंना ते फार लागायचं. यंदा मशीन खिडकीशी, उघड्या अंगानं पुजायचं, हे त्यांनी मनाशी ठरवलं होतं. हातात दहा दिवस होते.

मग काय, घरात धांदल उडाली. हर्षितानं फोटो काढून जुन्या गिऱ्हाइकांच्या मुलीसुनांना पाठवले. संध्याकाळी ऑफिसातून आली की सासूला गाडीत घालायची आणि घरं शोधायची. मास्तरणीनं गुलाबी ब्लाउज गालाला लावला आणि म्हणाली, "अय्यो, ही साडी मी कुठं टाकली हो?" पोस्टातली बाई फोनवर खदाखदा हसली, म्हणाली, टाका तो. "आता टाकायला हरकत नाही," जमुनाबाई समाधानानं म्हणाल्या. एका घरी बाई चार वर्षांपूर्वीच गेलेली. तिच्या लेकीनं तो कोरा ब्लाउज उराशी धरला आणि दारातच रडू लागली. जमुनाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि स्वतःचेही डोळे पुसले.

आठव्या दिवशी दोन्ही ट्रंका रिकाम्या झाल्या. उरलं एक मलमलचं गाठोडं. हर्षिता गाठ सोडायला गेली तशा जमुनाबाई म्हणाल्या, "ते इरली बिडू. राहू दे ते."

"का? हे कोणाचं?"

जमुनाबाईंनी गाठोडं जवळ ओढलं. पण सून अशी सोडणारी नव्हती. तिनं गाठ सोडलीच. आत हिरव्या रेशमाचा बिनबाह्यांचा ब्लाउज आणि जरीकाठाच्या दोन सुट्या बाह्या. तिनं त्या शेजारी शेजारी ठेवल्या, उलटसुलट करून पाहिल्या.

"अत्ते, या दोन्ही उजव्याच आहेत की!"

"बावीस वर्षं झाली," जमुनाबाई हळूच म्हणाल्या. "सोसले गावची भाग्या म्हणून पोर होती. लग्नाचा ब्लाउज. घडी चुकीची घातली मी अन् कात्री चालवली. उजवी बाही डाव्या खांद्याला लावली तर हात वर नेताच ओढते. तुकडा मोजकाच, वर एक दोराही उरला नाही. साडी मागितली असती तर निऱ्यांकडच्या टोकातून बाही निघाली असती. नेसल्यावर दिसतसुद्धा नाही ते."

"मग मागायची!"

"मग चूक झाली म्हणावं लागलं असतं ना, बाळा. जमुनाबाईनं कापड बिघडवलं, असं साऱ्या मोहल्ल्यात कोणी म्हटलं नव्हतं. पोर तीनदा आली. तीनदा मी 'उद्या या' म्हटलं. करंट नाही, काज-बटणवाली आली नाही... चौथ्यांदा आलीच नाही ती."

एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली. चाळीस ब्लाउज परत केल्याचा सारा आनंद पार उतरला होता. हर्षितानं गाठोडं पुन्हा बांधलं आणि गाडीची किल्ली उचलली.

"उठा, अत्ते. उद्या नाही, आज."

चिठ्ठीवर एवढंच होतं: भाग्या, मठाजवळ, सोसले. गावात शिरल्यावर विचारलेल्या दुसऱ्याच माणसानं घर दाखवलं. मामाच्या घरातच दिली होती तिला, गाव काही सुटलं नव्हतं. ओसरीवर शेंगा सोलत बसलेली भरल्या अंगाची बाई वर बघते काय, तिच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"टेलरम्मा?"

तिचं बोलणं कानडी, जमुनाबाईंचंही मग कानडीच. गाडीत घोकलेली चार वाक्यं सोडून त्या सरळ म्हणाल्या,

"चूक झाली माझी. दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या कापल्या मी. सांगायला तोंड झालं नाही."

भाग्यानं गाठोडं उघडून बघितलं. तिचा चेहरा लाल झाला.

"तीनदा आले मी. दोन बस बदलून. अप्पा ओरडले, तुझ्याच हातून कापड गेलं असेल म्हणून. हिरव्या साडीवर बहिणीचा तांबडा ब्लाउज घालून मांडवात उभी राहिले. अजून फोटो बघितला की लोक विचारतात, हे असं का."

"खरं आहे," जमुनाबाई म्हणाल्या. त्या ओसरीसमोर उभ्याच राहिल्या. "बोल अजून. तुझा हक्क आहे."

भाग्या मात्र उठली. ती आत गेली. आता ही दार लावते, अशी हर्षिताला धास्ती वाटली. पण भाग्या बाहेर आली ती हिरवी साडी घेऊन. तिनं ती जमुनाबाईंच्या हातात ठेवली.

"ब्लाउज नाही म्हणून परत नेसलेच नाही. आता तेव्हासारखी सडपातळ नाही हं मी."

"हात वर कर," जमुनाबाई म्हणाल्या, आणि पिशवीतली टेप काढली. पाच वर्षं बंद पडलेल्या बोटांनी खांदा, छाती, दंड असा सारा हिशेब एका दमात तोंडपाठ केला. शिवणीत दोन बोटं जादा कापडाची माया ठेवायची त्यांची जुनी सवय आज कामी येणार होती.

"उद्या दसऱ्याचे दिवे बघायला आम्ही म्हैसूरला येणारच आहोत," भाग्या म्हणाली. "कधी मिळेल?"

"उद्या या," जमुनाबाई म्हणाल्या आणि जीभ चावली. भाग्यानं त्यांच्याकडे रोखून पाहिलं आणि मग जी हसत सुटली, ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी पहाटेच रविकिरणनं दोन्ही ट्रंका भंगारवाल्यासाठी फाटकाशी नेऊन ठेवल्या. मशीनवरची चादर काढली, तेल घातलं आणि खिडकीखाली उजेडात मांडलं. पायडल हललं तसा साऱ्या घरभर तो जुना खडखडाट घुमला. "शाळेतून आलो की हाच आवाज यायचा," तो हर्षिताला म्हणाला आणि उगाचच खोलीत रेंगाळला. साडीच्या टोकाला कात्री लावण्याआधी जमुनाबाईंनी घडी एकदा घातली, मोडली, पुन्हा घातली, सुनेला दाखवली आणि मगच कापलं. गुडघे ठणकत होते. त्यांच्याकडे बघायला आज सवड नव्हती.

चार वाजता भाग्या आली. आतल्या खोलीत जाऊन साडी नेसली आणि हिरव्यावर हिरवा घालून बाहेर आली. मोकळ्या झालेल्या खोलीच्या मधोमध उभी राहून तिनं आरशात पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"बसला," ती म्हणाली. "टेलरम्मा, बसला हो!"

हर्षितानं टाळीच वाजवली. उद्याच्या पूजेसाठी आणलेल्या फुलांतला एक गजरा तिनं भाग्याला दिला. तो माळायला भाग्यानं दोन्ही हात डोक्यामागे नेले. जमुनाबाई मशीनपाशी बसून फक्त तिच्या दंडांकडे बघत होत्या. उजवी बाही जागची हलली नाही. डावीही नाही.