उसनं नाक

मी मुंडकं बोलतोय. घाबरू नका, प्लॅस्टरचं आहे. मानेखाली काहीच नसल्यामुळे मला पोटाची चिंता नाही आणि कुणापुढे वाकायचा प्रश्नही नाही. म्हणून जे बोलायचं ते स्पष्ट बोलतो.

माझा मूळ दगडी चेहरा दूरच्या एका संग्रहालयात आहे. कुणी एक रोमन म्हातारा. त्या लोकांना सुरकुत्यांचा भारी अभिमान, मुद्दाम कोरून घ्यायचे. त्या दगडाचा साचा घेऊन मला ओतलं आणि या कॉलेजात पाठवलं. दगडाचं नाक केव्हाच तुटलेलं होतं, त्यामुळे मी जन्मतःच नकटा.

तेव्हाच्या प्राचार्यांनी मला बघून नाक मुरडलं. "हे ध्यान पाहुण्यांपुढे कसं ठेवायचं? नाक बसवा याला!"

चित्रकलेच्या मास्तरांनी मला घरी नेलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं, समोर बायकोला बसवलं आणि तिच्याकडे बघत माझं नाक घडवलं. लांब, सरळ, शेंड्याशी किंचित उचललेलं. ती सारखी हसत होती. "अहो, आवरा ना, भाजी खाली लागतेय!" असं मास्तरांना म्हणत होती. त्या घरात मला बरं वाटलं होतं.

पुढे मास्तर गेले, ती बाईही गेली, आणि आमचे प्राध्यापक आले. रोमन संस्कृतीचे गाढे अभ्यासक, असं ते स्वतःच सांगतात. वर्गात ते छडीने माझ्या नाकावर टकटक करायचे आणि सुरू व्हायचे, "बघा, हे रोमन बापाचं नाक! घरातल्या प्रत्येकाच्या जिवावर ज्याचा हक्क चालायचा, त्याचं! बाईच्या चेहऱ्यावर असलं नाक शोधून सापडणार नाही."

मुलं माना डोलावून लिहून घ्यायची. एका बाईच्या नाकावर या गृहस्थांनी अख्खा ग्रंथ लिहिला, विभागप्रमुख झाले आणि स्वतःच्या नाकावर माशी बसू देईनासे झाले. एवढ्या वर्षांत त्यांनी मला एकदाही हात लावला नाही. छडी मात्र रोज लावली.

मग त्यांच्या हाताखाली एक मुलगी संशोधनाला आली. पहिल्याच दिवशी ती माझ्यावरची धूळ पुसायला लागली. पुसता पुसता तिचं बोट नाकाच्या जोडावर थांबलं. मी तिच्याकडे बघितलं आणि चाटच पडलो. तेच नाक! ती मास्तरांची नात होती.

आजीने सांगितलेली गोष्ट तिला ठाऊक होती, पण घरातल्या गप्पांना पुरावा कोण मानतो? तिने संग्रहालयातून मूळ दगडाचा फोटो मागवला, जोड तपासला आणि प्रबंधात एक प्रकरण लिहिलं की हे नाक नंतरचं आहे. दुसऱ्या कॉलेजात तिची नोकरी ठरली होती. अडलं होतं ते फक्त सरांच्या सहीपाशी.

"सर, मूळ दगडाला नाकच नाही."

"मग साचा घेतल्यावर तुटलं असेल! म्हणजे अस्सल नाक जगात फक्त आपल्याकडे!"

"जोड हाताला लागतो, सर. एकदा बोट फिरवून तरी बघा ना."

"मला शिकवू नकोस. ते प्रकरण काढ आणि मग सहीला ये."

तिने प्रकरण काढलं नाही, त्यांनी सही केली नाही. तिकडे नोकरीवाले घाई करू लागले. एका दुपारी ती माझ्याकडे तोंड करून डोळे पुसत होती. मला त्या माणसाची अशी चीड आली की दात असते तर चावलो असतो.

नंतर सरांचं मानाचं व्याख्यान झालं. सभागृह भरलेलं, मी टेबलावर. सर रंगात आले. "हे नाक म्हणजे रोम!" असं म्हणत त्यांनी नेहमीपेक्षा जोरात छडी मारली, आणि रोम टेबलावरून घरंगळत खाली गेलं.

सरांनी चष्मा सारखा केला. तुम्हाला वाटेल, ओशाळले असतील. छे! "पाहिलंत?" ते म्हणाले, "रोमचे शत्रू पुतळ्यांची नाकं अशीच फोडत. माझ्या पुढच्या संशोधनाचा हाच विषय आहे." दोन-चार जणांनी टाळ्याही वाजवल्या.

ती मुलगी उठली. पुढे येऊन तिने नाक उचललं, ओढणीने पुसलं.

"सर, हे माझ्या आजीचं आहे."

आवाज चढवला नाही तिने. लोकांनी तिच्या हातातलं नाक बघितलं, मग तिचा चेहरा बघितला. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळं सभागृह हसायला लागलं. सर छडीकडे बघत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सही झाली. त्या प्रकरणासकट. सही करताना त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. ती आजीचं नाक घेऊन नोकरीवर रुजू झाली.

मी आता कपाटावर आहे, पुन्हा नकटा. खाली बसून सर माझ्यावर नवा ग्रंथ लिहितायत. माझं नाक म्हणे कुण्या रानटी टोळीने फोडलं! मला आता नवं नाक नको. आणि वाचकहो, तुम्हाला कधी माझ्याविषयी लिहावंसं वाटलंच, तर कृपा करून आधी हात लावून बघा.